तडाखा की ऊन?

२.१२२ मायक्रॉन. डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या तिपटीहून लांब तरंगलांबीची ही अवरक्त रेषा. थरथरणारा हायड्रोजनचा रेणू एक पायरी खाली उतरतो तेव्हा ती उमटते. १९७६ साली मृगातल्या तेजोमेघात आणि हंस तारकासमूहातल्या एनजीसी ७०२७ या ग्रहीय तेजोमेघात, म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगात, ती सापडली, आणि एक प्रश्न कायमचा मागे लागला. रेणूला थरथरायला लावलं कोणी? वेगाने येऊन आदळलेल्या वायूच्या तडाख्याने, की ताऱ्याच्या अतिनील उन्हाने?

म्हाताऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत हा वाद विशेष चिवट आहे, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात. तो मी इथे मामा आणि भाचीच्या तोंडी घातला आहे. मामा आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, वायूच्या गतीचं शास्त्र हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. भाची वर्णपटांवर संशोधन करते. ही दोन माणसं या लेखापुरती आहेत. मुद्दे मात्र खरे आहेत आणि अजून मिटलेले नाहीत.

मामा : सुरुवात रेणूच्या स्वभावापासून करू या. हायड्रोजनचा रेणू म्हणजे दोन सारखे अणू. कार्बन मोनॉक्साइडचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण, म्हणून तो फिरला की रेडिओ लहरी सोडतो, दहा-वीस केल्विनच्या थंडीतसुद्धा. हायड्रोजनला अशी टोकंच नाहीत, त्यामुळे तो फिरला तरी गप्प. शिवाय हलका असल्याने त्याच्या पायऱ्या उंच. फिरण्याची पहिली पायरी चढायला ५१० केल्विनच्या तोडीची ऊर्जा लागते आणि थरथरण्याची पहिली पायरी तर सुमारे ६००० केल्विनवर आहे. म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूत सर्वांत मोठा भरणा याच रेणूचा, आणि नेमका तोच दिसत नाही.

भाची : आणि वर चढला तरी त्याला उतरायची घाई नसते. २.१२२ची रेषा सोडणारा रेणू त्या पायरीवर सरासरी दोन आठवडे बसून राहतो. इथल्या हवेत तेवढ्या वेळात त्याला इतक्या धडका बसतील की प्रकाश न सोडताच तो खाली येईल. ताऱ्याभोवतीचा वायू विरळ आहे म्हणून त्याला सवड मिळते.

मामा : म्हणजे रेषा दिसली, याचा अर्थ त्याला कोणीतरी वर चढवलंय. आता ताऱ्याचं चरित्र बघ. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी होतो, पृष्ठभाग अडीच-तीन हजार केल्विनपर्यंत उतरतो, आणि त्याच्यापासून वारा सुटतो. वेग सेकंदाला १० ते २० किलोमीटर, ताऱ्यांच्या मानाने संथच. पण शेवटाकडे तो इतका दाट होतो की दहा हजार वर्षांत सूर्याएवढं द्रव्य निघून जाऊ शकतं. मग आवरण संपत येतं, आतला तप्त गाभा उघडा पडू लागतो आणि नवा वारा सुटतो, झोत सुटतात, सेकंदाला शंभर, दोनशे किलोमीटर वेगाचे. पुढे संथ वारा, मागून वेगवान. टक्कर अटळ आहे. अवघ्या १० किलोमीटर वेगाचा आघातसुद्धा रेणूंच्या वायूला काही हजार केल्विनवर नेतो. थरथरण्याच्या पायऱ्या चढायला नेमकं तेवढंच तापमान लागतं. दुसरं कारण शोधायची गरज काय?

भाची : गरज अशी, की त्याच काळात तो उघडा पडलेला गाभा एक-दोन लाख केल्विनपर्यंत तापत जातो आणि अतिनील प्रकाशाचा मारा करू लागतो. ९१ ते १११ नॅनोमीटरमधला प्रकाशकण हायड्रोजनच्या रेणूने गिळला की त्याचे इलेक्ट्रॉन वरच्या स्थितीत जातात. दहापैकी एखादा रेणू त्यात फुटतो. बाकीचे लगेच परततात, पण तळाशी येत नाहीत. ते थरथरण्याच्या वरच्या पायऱ्यांवर येऊन पडतात, कोणी दुसऱ्या, कोणी पाचव्या, कोणी आठव्या. तिथून एकेक पायरी उतरताना अवरक्त रेषा सुटतात. हीच प्रतिदीप्ती. यात वायू तापायची गरजच नाही. रेणू थंडगार असू शकतो आणि तरी तीच २.१२२ची रेषा देऊ शकतो.

मामा : मग तुझा रेणू आणि माझा रेणू वेगळे ओळखायचे कसे?

भाची : नदीचा घाट डोळ्यांपुढे आण. पूर आला की पाणी खालून चढतं, खालच्या पायऱ्या बुडतात, वरच्या कोरड्या राहतात. पाऊस पडला तर वरच्या पायऱ्याही भिजतात आणि पाणी पायरीपायरीने खाली येतं. तुझा तडाखा म्हणजे पूर, माझं ऊन म्हणजे पाऊस. दोन्हीत पहिली पायरी ओली असणारच. म्हणून पहिल्या पायरीवर भांडण्यात अर्थ नाही, दुसरी किती ओली आहे ते बघायचं.

दुसऱ्या पायरीवरून उतरणाऱ्या जोडीदार रेषेची जागा आहे २.२४८ मायक्रॉन. सुमारे २००० केल्विनच्या तापल्या वायूत पहिली रेषा दुसरीच्या दहा-बारा पट तेजस्वी असते. निव्वळ प्रतिदीप्तीत जेमतेम दुप्पट. १९८७ साली जॉन ब्लॅक आणि एविन व्हॅन डिशोक यांनी प्रतिदीप्तीचं सविस्तर गणित मांडलं, आणि तेव्हापासून हे गुणोत्तर या विषयातली रोजची फूटपट्टी झालं. मला स्वतःला या वादातली सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच वाटते. कोट्यवधी किलोमीटरच्या ढगात काय घडलं याचा निकाल शेजारच्या एका दुबळ्या रेषेवर लागतो. सुंदर चित्रात ती रेषा कुठेच दिसत नाही, ती वर्णपटातच शोधावी लागते.

मामा : निरीक्षण करताना हे इतकं सरळ असतं का?

भाची : सरळ नसतं, पण सोय मोठी आहे. दोन्ही रेषा दोन ते २.४ मायक्रॉनच्या एकाच खिडकीत येतात, जिथून आपलं वातावरण प्रकाश बऱ्यापैकी आत सोडतं. एकाच दमात दोन्ही मिळतात आणि वाटेतली धूळ दोघींना जवळजवळ सारखीच मारते, म्हणून गुणोत्तरावर विसंबता येतं. त्रास वेगळाच. या तरंगलांबीला आकाश चमकतं आणि दुर्बिणीचा आरसाही स्वतःच्या उबेने चमकतो. म्हणून वर्णपटमापकाची फट आधी तेजोमेघावर ठेवायची, मग बाजूच्या रिकाम्या आकाशावर, पुन्हा तेजोमेघावर, आणि एकातून दुसरं वजा करायचं. जवळच्या एखाद्या साध्या पांढऱ्या ताऱ्याचा वर्णपट घेऊन हवेतल्या बाष्पाचे ओरखडे पुसायचे. एवढं झालं की पडद्यावर तीन गोष्टी उरतात. डावीकडे २.१२२ला उंच सुळका. थोडं पुढे २.१६६ला आयनीभूत हायड्रोजनची रेषा, ब्रॅकेट-गामा. आणि २.२४८ला, असलाच तर, एक छोटा खुंट. या तीन उंच्या बघून जाणकार माणूस निम्मी गोष्ट सांगू शकतो. ब्रॅकेट-गामा जोरात असेल तर जवळपास अतिनील प्रकाश आहे, यात शंका नाही.

मामा : हे मोजायची सोय आपल्याकडे आहे?

भाची : आहे ना. नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे. तिच्यावरचा टॅनस्पेक हा वर्णपटमापक मुंबईच्या टीआयएफआरने एरीज संस्थेबरोबर उभा केलाय. तो दृश्य प्रकाशापासून अडीच मायक्रॉनपर्यंत बघतो, म्हणजे या तिन्ही रेषा त्याच्या टप्प्यात येतात. अबूच्या गुरुशिखरावर पीआरएलची १.२ मीटरची अवरक्त दुर्बीणही कित्येक वर्षं काम करतेय.

मामा : मग मी माझा साक्षीदार उभा करतो. हंस तारकासमूहातला अंड्याचा तेजोमेघ, सीआरएल २६८८. सुमारे ३००० प्रकाशवर्षांवर. मधला तारा धुळीच्या जाड पट्ट्याआड लपलाय, पण धुळीवरून परावर्तित होऊन आलेल्या त्याच्या प्रकाशावरून कळतं की त्याचं तापमान सात हजार केल्विनच्या आसपासच आहे. काही शतकांपूर्वीच त्याने राक्षसी अवस्था सोडली. तुझा अतिनील प्रकाश द्यायला तो अजून पुरेसा तापलेलाच नाही! आणि तरी १९९७मध्ये हबल दुर्बिणीच्या अवरक्त कॅमेऱ्याने बघितलं तेव्हा हायड्रोजनचे रेणू लखलखीत दिसले. पाऊसच नाही तर घाट भिजवला कोणी?

भाची : अंड्याच्या बाबतीत मी हार मानते. तिथे झोतांनी कोरलेल्या पाकळ्यांमध्ये ब्रॅकेट-गामाची खूण नाही, गुणोत्तरही तडाख्याचंच आहे. पण तुझ्या चित्रात एक भाग सुखासुखी बसत नाही. रेणू फक्त वर-खाली निघालेल्या दोन झोतांच्या टोकांशी चमकत नाहीत, झोतांना आडव्या दिशेने, कमरेच्या दोन्ही बाजूंनाही चमकतात. झोत उत्तर-दक्षिण निघालाय, मग पूर्व-पश्चिम कोण कोणावर आदळतंय?

मामा : झोत एकच आहे असं तू धरून चाललीस. कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ नकाशांत तिथे वेगवेगळ्या दिशांना निघालेले अनेक झोत दिसतात. ताऱ्याला जोडीदार असेल, झोताची दिशा बदलत असेल, काहीही असो. कमरेतही वायू वेगाने बाहेर पडतोय. म्हणून तर मी म्हणतो, ही रेषा हा टकरींचा नकाशा आहे. दाट वायूत आघाताने तापलेला थर काही वर्षांतच निवतो. म्हणजे जिथे रेणू चमकतोय तिथे टक्कर आत्ता चालू आहे. शंभर वर्षांपूर्वी थांबलेली टक्कर दिसणार नाही.

भाची : नकाशा म्हणतोस, तर वेगाचा हिशेब दे. झोत सेकंदाला शंभर-दोनशे किलोमीटरचे. हायड्रोजनचा रेणू साधारण ५२,००० केल्विनच्या तोडीच्या ऊर्जेला फुटतो. एका झटक्यात दाब आणि तापमान उडी मारतं, तशा आघातात वेग २५ किलोमीटरच्या आसपास गेला की रेणू टिकत नाहीत. दोनशेच्या तडाख्यात ते चमकणार कुठून? त्यांचे तुकडे होतील.

हा आक्षेप खरा जुना आहे आणि त्याने या शास्त्राचं भलं केलं. त्याच्या उत्तरातून आघातांची एक वेगळी जातच पुढे आली. १९८०मध्ये ब्रूस ड्रेन यांनी दाखवलं की वायूत चुंबकीय क्षेत्र असेल आणि थोडेसेच कण आयनीभूत असतील, तर ते कण आघाताची वर्दी आधीच घेतात. ते पुढे सरकतात, उदासीन रेणूंना हळूहळू ढकलू लागतात, आणि एका उडीऐवजी वेग आणि तापमान रुंद थरात सावकाश बदलतं. अशा आघातात सेकंदाला ४०-५० किलोमीटरपर्यंत रेणू शाबूत राहतात आणि एक-दोन हजार केल्विनवर निवांत चमकतात.

मामा : आणि उरलेला हिशेब कोनाचा. झोत पाकळीच्या भिंतीला तिरका घासत जातो. वेग दोनशेचा असला तरी भिंतीला लंब जो भाग लागतो तो वीस-तीसचा. नाकासमोर टोकाशी रेणू फुटतील, मला मान्य आहे. पण टोकाच्या बाजूंना, जिथे धडक तिरकी होत जाते, तिथे एक पट्टा असा सापडतोच की जिथे रेणू तापतो पण फुटत नाही. नेमका तोच पट्टा आपल्याला दिसतो.

भाची : ठीक आहे, हे पटलं. आता माझा साक्षीदार. एनजीसी ७०२७, तोच, जिथे ही रेषा पहिल्यांदा सापडली. मधला तारा सुमारे दोन लाख केल्विनचा. चमकणारे रेणू आयनीभूत गोळ्याच्या बाहेर पातळ कडीसारखे बसलेत, जिथे अतिनील प्रकाश येऊन शोषला जाईल अगदी तिथेच.

मामा : पण गुणोत्तर? दोनच्या जवळपासही नाही. ते तडाख्याकडे झुकतं. तुझ्याच फूटपट्टीने तू हरलीस.

भाची : नाही, फूटपट्टी अपुरी पडली. वायू दाट असेल, घनसेंटिमीटरला लाखाच्या घरात कण असतील, तर वर टाकलेला रेणू प्रकाश सोडण्याआधीच धडका खातो आणि त्याची ऊर्जा वायूला मिळते. वायू तापतो. म्हणजे अतिनील प्रकाशच वायू तापवतो आणि मग खालच्या पायऱ्या तापल्या वायूसारख्या भरतात. १९८९मध्ये अमिएल स्टर्नबर्ग आणि अलेक्झांडर डालगार्नो यांनी हे दाखवलं. तेव्हापासून नुसतं दहाचं गुणोत्तर बघून तडाखा म्हणणं बंद व्हायला हवं होतं. झालं नाही, हा भाग वेगळा.

मामा : मग तर प्रश्न मिटवायचा मार्गच उरला नाही. दाट वायूत पूर आणि पाऊस सारखेच दिसणार.

भाची : खालच्या पायऱ्यांवर सारखे. वरच्यांवर नाही. सातव्या, आठव्या पायरीवरून येणाऱ्या रेषा शोधायच्या. आठव्या पायरीला सुमारे ४०,००० केल्विनची ऊर्जा लागते. तिथे मोजण्याजोगे रेणू चढवेल इतका जोराचा तडाखा असेल, तर त्याआधीच बहुतेक रेणू फुटलेले असतील. म्हणून तिथली बारीकशी रेषासुद्धा प्रकाशाची सही आहे. शर्मिष्ठेतला हबल १२ हा छोटा तेजोमेघ बघ. तिथे वरच्या पायऱ्यांच्या रेषांची रांगच्या रांग आहे, निव्वळ प्रतिदीप्तीचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं. आणखी एक खूण रेणूच्या दोन जातींची, ऑर्थो आणि पॅरा. तापल्या वायूत त्यांचं प्रमाण तीनास एक असतं. प्रतिदीप्तीत थरथरणाऱ्या रेणूंमध्ये ते दोनच्या आतबाहेर दिसतं, कारण ऑर्थोच्या जाडसर शोषणरेषा आपला प्रकाश आधीच संपवून बसतात. तीन खुणा एकत्र आल्या की मी खात्रीने बोलते.

इथे मला भाचीची बाजू घ्यायची आहे. मामांचा अंड्याचा तेजोमेघ अभेद्य आहे, पण त्यावरून ‘रेणू चमकला म्हणजे तडाखा’ हा नियम निघत नाही. दुर्दैवाने तो नियम बरीच वर्षं अनेकांच्या मनात होता. मृगातल्या तेजोमेघात ही रेषा खरोखरच वेगवान प्रवाहांच्या आघातातून आली होती, आणि तिथली सवय म्हाताऱ्या ताऱ्यांकडे जशीच्या तशी आणली गेली.

मामा : तू गॅटलींचा नियम विसरतेस. १९८०च्या दशकाच्या शेवटी इयन गॅटली आणि बेन झुकरमन यांच्या लक्षात आलं की ज्या ग्रहीय तेजोमेघांत हायड्रोजनचे रेणू चमकतात ते बहुतेक फुलपाखरासारखे दोन पंखांचे असतात. पुढे जोएल कास्टनर आणि सहकाऱ्यांनी मोठी पाहणी केली, त्यातही हेच. पंख कशाने होतात? झोतांनी. झोत कशाला देतात? तडाखा. साखळी पूर्ण आहे.

भाची : साखळीत एक कडी तू गृहीत धरलीस. दोन पंखांच्या तेजोमेघाला दाट कंबर असते. दाट कंबर रेणूंना आडोसा देते, ते टिकतात. असे तारे बऱ्याचदा मुळात जड असतात, त्यांचा गाभा लवकर आणि फार तापतो, अतिनील प्रकाश भरपूर. मग तडाखा नसतानाही पंखवाल्यांतच रेणू जास्त चमकतील. आणि पुढे जास्त संवेदनशील कॅमेऱ्यांनी बघितलं तेव्हा साध्या, लांबट गोल तेजोमेघांतही ही रेषा सापडली, फक्त फिकी. नियम खोटा नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा होता.

मामा : हे मी घेतो. पण तूही एक घे. तडाखा म्हणजे झोतच असं नाही. तिमिंगल तारकासमूहातला मीरा तारा. तो आकाशगंगेतून सेकंदाला १३० किलोमीटर वेगाने चाललाय, समोर आंतरतारकीय वायूशी टक्कर घेत. २००७मध्ये गॅलेक्स उपग्रहाच्या अतिनील चित्रात त्याच्यामागे १३ प्रकाशवर्षं लांबीची शेपटी दिसली, तीस हजार वर्षांत सोडलेल्या द्रव्याची. अतिनील चित्रात शेपटी आहे, नेहमीच्या दृश्य छायाचित्रांत नाही. याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं, की आघाताने तापलेल्या वायूतले इलेक्ट्रॉन थंड हायड्रोजन रेणूंवर आदळतात आणि रेणू अतिनील प्रकाश सोडतात. तुझा प्रकाशकण नाही, माझं तापमानही नाही. आघात आहे, पण निरोप इलेक्ट्रॉनने आणलाय.

भाची : मस्त उदाहरण आहे. आणि तिथे २.१२२ची रेषा मुख्य साक्षीदारच नाही. म्हणजे ‘रेणू कशाने चमकला’ हा प्रश्न विचारताना आधी ‘कुठल्या रंगात’ हे विचारावं लागतं.

मामा : मग कुंभातला हेलिक्स तेजोमेघ सांग. सुमारे ६५० प्रकाशवर्षांवर, आपल्याला जवळ. तिथे कोण जिंकतं?

भाची : कोणीच नाही, म्हणून मला तो आवडतो. हवाईच्या सुबारू दुर्बिणीने २.१२च्या रेषेत जे बघितलं त्यावरून तिथे ४०,०००हून अधिक गाठी असाव्यात, डोकं ताऱ्याकडे, शेपटी बाहेर. एकेका गाठीचं डोकं आपल्या सूर्यमालेच्या मापाचं. प्रत्येक डोक्याच्या ताऱ्याकडच्या कडेवर रेणू चमकतो. अवकाशातल्या आयसो दुर्बिणीने मोजलं तर रेणूंचं तापमान ९०० केल्विन, आणि पायऱ्या जवळजवळ शुद्ध तापल्या वायूसारख्या. पण तडाख्यासाठी लागणारा वेग गाठींच्या रेषांच्या रुंदीत दिसत नाही. आणि माझ्या गणिताला जितका अतिनील प्रकाश लागतो तितका एवढ्या लांबवर पोचत नाही. साध्या हिशेबाने ते रेणू एवढे तेजस्वी असायलाच नकोत.

मामा : मग?

भाची : रॉबर्ट ओडेल, विल्यम हेनी आणि गॅरी फर्लंड यांनी एक मार्ग सुचवला. गाठीच्या पृष्ठावरून वायू सतत उकळून ताऱ्याकडे वाहतोय. त्या प्रवाहाबरोबर ताजे रेणू थेट आयनीभवनाच्या आघाडीत ओढले जातात. एरवी रेणू जिथे पोचण्याआधीच फुटले असते, तिथे ते काही काळ जिवंत पोचतात आणि फार तीव्र प्रकाश खातात. म्हणजे स्थिर गाठ धरून केलेलं गणित चुकत होतं, कारण गाठ स्थिर नाहीच.

मामा : म्हणजे शेवटी वायूची हालचालच मदतीला आली!

भाची : आली, पण तडाखा म्हणून नाही. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीनेही असेच ढीग दाखवलेत. स्वरमंडळातल्या कंकणाकृती तेजोमेघात रेणूंनी भरलेल्या सुमारे वीस हजार गाठी मोजल्या गेल्या. १२ जुलै २०२२ला वेबची पहिली चित्रं आली त्यात एनजीसी ३१३२ हा ग्रहीय तेजोमेघ होता, आयनीभूत फुग्याबाहेर रेणूंचं जाळं. ते चित्र मी कितीतरी वेळ बघत बसले होते. पण चित्राकडे बघून कारण सांगता येत नाही, त्यासाठी वर्णपटच हवा.

मामा : तर मग मी माझा दावा सुधारतो. तारा राक्षसी अवस्थेतून बाहेर पडला आणि गाभा अजून थंड आहे, त्या काही शे वर्षांत तडाखाच राज्य करतो. गाभा तीस हजार केल्विनच्या वर गेला की तुझं ऊन सुरू होतं आणि हळूहळू सगळं ताब्यात घेतं. वाद कोण खरं याचा नाही, ताऱ्याच्या वयाचा आहे.

भाची : बऱ्याच अंशी हो. पण वयाबरोबर जागाही सांग. एकाच तेजोमेघात पंखाच्या टोकाशी तू खरा आणि कमरेच्या आतल्या कडेशी मी खरी असू शकते. सीआरएल ६१८ हा तेजोमेघ घे. तारा आत्ता उंबरठ्यावर आहे, सुमारे ३०,००० केल्विनचा. १९७०च्या दशकापासून त्याचं रेडिओ तेज वाढताना दिसलंय, म्हणजे आतला आयनीभूत भाग पसरतोय. बोटांसारख्या निमुळत्या पाकळ्या शंभर-दोनशे वर्षांच्याच. १९९२मध्ये विल्यम लॅटर आणि सहकाऱ्यांनी तिथला वर्णपट तपासला, तर बहुतेक तेज तडाख्याचं आणि त्यात मिसळलेला प्रतिदीप्तीचा वाटा, असं निघालं. तेवढाच वाटा दर काही वर्षांनी मोजत राहायला हवा. हा बदल माणसाच्या आयुष्यात दिसू शकतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

मामा : गाभ्याजवळ गुणोत्तर उतरत गेलं आणि पाकळ्यांच्या टोकांना दहावरच राहिलं, तर आपण आत्ता बोललो ते सिद्ध होईल.

भाची : गुणोत्तरावर एकट्यावर थांबायचं नाही. गाभ्याजवळ वायू दाट आहे, तिथे ते फसवेल. सातव्या-आठव्या पायरीच्या रेषा आणि ब्रॅकेट-गामा सोबत वाढतात का, ते बघायचं.

मामा : आणि टोकांनाही त्या रेषा दिसू लागल्या तर?

भाची : तर पाकळीची भिंत कुठेतरी विरळ होऊन प्रकाश टोकापर्यंत पोचतोय.

मामा : मान्य. पण फट दरवेळी त्याच जागी आणि त्याच कोनात ठेवा, नाहीतर दोन वेगळ्या ठिकाणांची तुलना कराल आणि त्याला काळाचा बदल म्हणाल. पाकळ्या स्वतःही सरकताहेत, त्यांचा वेगही हिशेबात धरा.

भाची : म्हणून गाभा वेगळा घ्यायचा आणि दोन्ही बाजूंची टोकं वेगळी. वरच्या पायऱ्यांच्या रेषा फार फिक्या असतात, तेव्हा प्रत्येक जागेला जास्त वेळ द्यावा लागेल. हिवाळ्यात, हवा कोरडी असताना.